जामीन राहिलेली माणसं : एएम४ सॉकेटचं प्रकरण

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी या कंपनीने एक तक्ता प्रसिद्ध केला. कोणता प्रोसेसर कोणत्या चिपसेटच्या (प्रोसेसर आणि इतर भाग यांना जोडणाऱ्या चिपच्या) मदरबोर्डवर चालेल, एवढंच त्यात होतं. येऊ घातलेल्या ‘झेन ३’ या प्रोसेसरांच्या पिढीपुढे फक्त ५०० मालिकेचे चिपसेट दिसत होते. आधीच्या ४०० मालिकेतले बी४५० आणि एक्स४७० गायब होते.

हा तक्ता पाहून जे भडकले, त्यांच्यापैकी कुणाचंही त्या दिवशी काही बिघडलेलं नव्हतं. संगणक चालू होते. झेन ३ दुकानात यायला सहा महिने अवकाश होता. तरीही एवढा गदारोळ झाला की दोन आठवडे पुरे व्हायच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. ‘एएमडीचे भक्त रुसले आणि कंपनीने त्यांची समजूत काढली’ असं या घटनेचं वर्णन तेव्हाही झालं, आजही होतं. मला ते पटत नाही. रुसव्याने कंपन्या हलत नाहीत. इथे काय हललं, ते बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

शब्द कुणी, कशाबद्दल दिला होता

एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर २ मार्च २०१७ ला विक्रीला आले. त्याआधीची काही वर्षं एएमडीची अवस्था केविलवाणी होती. घरगुती संगणकांच्या बाजारात प्रतिस्पर्धी इंटेल वर्षानुवर्षं चारच कोअर (प्रोसेसरमधली एकाच वेळी काम करणारी गणनाकेंद्रं) देत होती आणि ग्राहक मुकाट्याने घेत होते. रायझनने त्याच वर्गाच्या मदरबोर्डवर आठ कोअर आणले. पण जाणकारांना कोअरइतकीच भावली ती दुसरी गोष्ट : एएम४ हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती चौकट, २०२० पर्यंत चालवू, असं कंपनीने सांगून टाकलं होतं.

या वाक्याचं वजन कळायला इंटेलकडे बघायला हवं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली. सॉकेट दिसायला आधीचंच, संपर्कबिंदू तितकेच ११५१. पण मदरबोर्ड नवा, ३०० मालिकेचाच हवा. वीजपुरवठ्यासाठी जास्तीच्या पिना लागतात, हे कारण कंपनीने दिलं. ते खोटं नव्हतं, आधी मोकळ्या ठेवलेल्या काही पिना खरंच वीजपुरवठ्याला दिल्या होत्या. पण काही हौशी लोकांनी प्रोसेसरवरचे मोजके संपर्कबिंदू झाकून, काही जोडून, बायॉसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या आज्ञावलीत) फेरफार करून तेच प्रोसेसर जुन्या झेड१७० बोर्डांवर चालवून दाखवले. मग ‘तांत्रिक कारण’ या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच. प्रत्येक वेळी प्रोसेसरबरोबर बोर्डही फेकायचा, अशी इंटेलची प्रतिमा झाली आणि एएम४ हा त्यावरचा उतारा ठरला.

आणि एएम४ ने शब्द बराचसा पाळलाही. २०१७ मध्ये त्यावर जास्तीत जास्त आठ कोअरचा प्रोसेसर बसत होता. २०१९ च्या अखेरीस त्याच १३३१ पिनांच्या सॉकेटवर सोळा कोअरचा ३९५०एक्स बसू लागला. चिपनिर्मितीचं तंत्र १४ नॅनोमीटरवरून १२, मग ७, आणि सॉकेट तेच. असं आधी क्वचितच कुणी पाहिलं होतं.

मेख शब्दांत होती. कंपनीने सॉकेटबद्दल शब्द दिला होता; ऐकणाऱ्यांनी तो मदरबोर्डबद्दल ऐकला. सॉकेट म्हणजे नुसती चौकट. प्रोसेसर तिच्यात बसल्यावर चालेल की नाही, हे चिपसेट, वीजपुरवठ्याची रचना आणि मुख्यतः बायॉस ठरवतं. एक्स५७० या नव्या चिपसेटवर पहिल्या पिढीचे रायझन अधिकृतपणे चालत नव्हतेच, हे २०१९ मध्येच दिसलं होतं. पण नव्या बोर्डवर जुना प्रोसेसर लावायला फारसं कुणी जात नाही, म्हणून ती फट कुणाला बोचली नाही. बोचली ती उलट बाजूने.

बी४५० का घेतले गेले

इथे जरा थांबतो, कारण प्रकरणाची नाडी या भागात आहे.

जुलै २०१९ मध्ये झेन २ पिढीचे रायझन आले, त्यांच्याबरोबर एक्स५७० चिपसेट आला. पीसीआय एक्स्प्रेस ४.० (ग्राफिक कार्डासारख्या भागांना जोडणारा नवा, वेगवान मार्ग) देणारा, महागडा, आणि इतका तापणारा की बहुतेक बोर्डांवर चिपसेटलाच छोटा पंखा लावावा लागला. असे चिमुकले पंखे आधी आवाज करतात आणि मग बंद पडतात, हा अनुभव जुन्या लोकांच्या गाठीशी होता. स्वस्त बी५५० मात्र आलाच नाही. तो आला थेट जून २०२० मध्ये, जवळपास वर्षभराने.

मग या वर्षभरात मध्यम बजेटवाल्याने काय घ्यायचं? उत्तर सगळीकडे एकच होतं : रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड. बी४५० हा २०१८ चा, पण २०१९-२० मध्ये तोच चालू विक्रीतला माल होता. एका उत्पादकाने, एमएसआयने, तर या काळासाठी खास ‘मॅक्स’ नावाची बी४५० मालिका काढली. १६ एमबीऐवजी ३२ एमबीची बायॉस चिप, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी जागा, हा तिचा गुण होता.

हा सल्ला देणारे कोण? कुटुंबात, कचेरीत, मित्रांत ज्याला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी ख्याती असते, तो माणूस. भाचा कॉलेजला चाललाय, त्याला मशीन असेंबल करून द्यायचंय. मैत्रिणीला व्हिडिओ एडिटिंगसाठी हवंय. हा माणूस यादी करून देतो आणि शेवटी एक वाक्य जोडतो : ‘‘आत्ता हा बोर्ड घे, दोन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदल.’’ कंपनी आपल्या तोंडाने जितक्या लोकांना हे सांगू शकली असती, त्याच्या कितीतरी पट लोकांना ते या मंडळींच्या तोंडून कळलं. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. ते आपणहून जामीन राहिले होते.

तो तक्ता आला तेव्हा हे जामीनदार तोंडघशी पडले. म्हणूनच राग इतका कडवट होता. स्वतःच्या खिशाला बसणारी चाट माणूस सोसतो, प्रसंगी लपवतो. पण ‘तूच म्हणाला होतास ना?’ हे ऐकून घ्यायची वेळ येणार असेल, तर तो गप्प बसत नाही.

(भाचे सहसा दोन वर्षांनी प्रोसेसर बदलत नाहीत, ही गोष्ट वेगळी. बहुतेक लोक संगणक थकेपर्यंत वापरतात आणि मग अख्खा बदलतात. पुढे बदलता येण्याची सोय ही बरीचशी मनाची सोय असते. पण ती दाखवून माल विकला असेल, तर ती मालाचा भागच झाली.)

सोळा एमबीचं कारण

कंपनीने दिलेलं कारण असं : बायॉस ज्या फ्लॅश चिपमध्ये साठवलेलं असतं, ती बऱ्याच जुन्या बोर्डांवर १६ एमबीची आहे. प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरला सुरू करण्याचा स्वतंत्र संच त्यात ठेवावा लागतो. एएमडी हे संच ‘अजेसा’ या नावाने बोर्ड-उत्पादकांना देते आणि उत्पादक त्यावर आपलं बायॉस रचतात. पिढ्या वाढल्या, संच वाढले, डबा भरला.

हे कारण खरं होतं. पुरावा आदल्या वर्षीच मिळाला होता. झेन २ ला जागा करून देण्यासाठी एमएसआयने आपल्या काही जुन्या बोर्डांवर बायॉसची सचित्र, रंगीत मांडणी काढून साधी, मजकुराची मांडणी बसवली होती, आणि रायझनच्या आधीच्या प्रोसेसरांचा आधारही काढला होता. घरात पाहुणे वाढले म्हणून दिवाणखान्यातलं सामान माळ्यावर टाकावं, तसं. ज्यांनी तो बदल पाहिला होता, त्यांना १६ एमबीची गोष्ट थाप वाटण्याचं कारण नव्हतं.

पण खरं कारण आणि पुरेसं कारण यांत अंतर असतं, आणि वाद तिथेच पेटला. आक्षेप तीन होते, तिन्ही साधे. ३२ एमबीची चिप असलेले बी४५० बोर्डही तक्त्यातून का वगळले? जागा नसेल तर जुन्या पिढ्या काढून टाकणारं वेगळं बायॉस का देता येत नाही? आणि हे आत्ता का सांगताय, मागचं वर्षभर बी४५० विकले जात असताना का नाही?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. पहिल्या दोघांना होतं, पण ते सांगायला अवघड होतं. वेगळं बायॉस द्यायचं तर ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे, त्याने ते चुकून टाकलं की बोर्ड सुरूच होणार नाही. नवा प्रोसेसर आणला पण बोर्डावर जुनंच बायॉस असेल, तरीही तेच. हा कोंबडी-अंड्याचा घोळ एएम४ वर आधीही झाला होता. तेव्हा एएमडीला ग्राहकांना बायॉस बदलण्यापुरता जुना प्रोसेसर उसना पाठवावा लागला होता. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताच पेनड्राइव्हवरून बायॉस बदलायचं बटण असतं, त्यांना ही भीती नाही. पण ते सगळ्यांवर नसतं, आणि स्वस्त बोर्डांवर तर फारच कमी. बोर्ड बंद पडला की माणूस दुकानदाराकडे जातो, दुकानदार उत्पादकाकडे, उत्पादक एएमडीकडे बोट दाखवतो. या भांडणाचा खर्च कंपनीच्या हिशेबात मेगाबाइटपेक्षा मोठा असणार, असा माझा कयास आहे.

दोन्हीकडचे भाट

या गदारोळात इंटेलप्रेमींची चंगळ झाली. ‘बघा, तुमचाही तसलाच’ हा सूर. गंमत अशी, की त्याच मे महिन्यात इंटेलची दहावी पिढी बाजारात आली, नव्या १२०० बिंदूंच्या सॉकेटवर, म्हणजे पुन्हा नव्या बोर्डासकट. एएमडीच्या कट्टर गोटातले लोक तिकडे बोट दाखवून म्हणत होते, ‘‘चार वर्षं एक सॉकेट मिळालं, आता आणखी काय हवं?’’

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे या छंदात नवीन नाही. पण या प्रकरणात कट्टरांचा आवाज आणि परिणाम करणारा आवाज वेगळा होता. कट्टर एएमडीवाला कंपनीची बाजू लावून धरत होता. तो असाही पुढचा एएमडीच घेणार होता, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने तो हिशेबात जमेलाच धरलेला. कंपनीला अडचणीत आणलं ते वर सांगितलेल्या यादी करून देणाऱ्यांनी. त्यांची निष्ठा ब्रँडवर नव्हती. पुढच्या महिन्यात भाच्याच्या यादीत इंटेल लिहायला त्यांना काहीच वाटलं नसतं. शिवाय ते ‘विश्वासघात’ वगैरे मोठमोठे शब्द वापरत असले तरी मागणी नेमकी करत होते : अमुक चिपसेट, तमुक एमबी, असं बायॉस द्या. नेमक्या मागणीला ‘आम्ही विचार करू’ म्हणून वाटेला लावता येत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एएमडीने माघार घेतली. बी४५० आणि एक्स४७० साठी झेन ३ चालवणारं चाचणी-बायॉस देऊ म्हणाली, पण अटी घालून : ते टाकलं की बऱ्याच जुन्या प्रोसेसरांचा आधार जाईल, परतीचा रस्ता नसेल, नवा प्रोसेसर विकत घेतल्याची खातरजमा केली जाईल, आणि प्रोसेसर आल्या दिवशीच ते मिळेल असं नाही. ५ नोव्हेंबर २०२० ला झेन ३ आले. ४०० मालिकेची बायॉस त्या सुमारापासून येऊ लागली. खरेदीची खातरजमा वगैरे काही झालं नाही. बायॉस उत्पादकांच्या संकेतस्थळांवर सरळ उतरवून घेता येत होतं, आणि कितीतरी बोर्डांवर जुने रायझनही चालतच राहिले. मे महिन्यात अशक्यप्राय वाटलेली जागा हिवाळ्यात सापडली.

मग खरं काय हललं

इथवर गोष्ट ग्राहकांच्या विजयाची वाटते. पुढच्या दोन गोष्टी तिच्याशेजारी ठेवल्या की चित्र बदलतं.

पहिली किमतीची. झेन ३ आले तेव्हा त्यांतला सगळ्यात स्वस्त ५६००एक्स होता, २९९ डॉलरचा. सहा कोअरचा ३६०० आदल्या वर्षी १९९ डॉलरला आला होता. ‘एक्स’ नसलेला, स्वस्तातला ५६०० आला तो एप्रिल २०२२ मध्ये. म्हणजे बोर्ड वाचला, पण त्यावर बसवायचा प्रोसेसर महागला. नोव्हेंबर २०२० मध्ये खेळांपासून व्हिडिओपर्यंत एएमडी इंटेलच्या पुढे होती. पुढे असलेली कंपनी स्वस्त माल आणायची घाई करत नाही. इंटेल पुढे असताना चारच कोअर देत होती, तेही याच नियमाने.

दुसरी गोष्ट एएमडीच्या ३०० मालिकेची, म्हणजे २०१७ च्या त्या पहिल्या बोर्डांची. ज्यांनी एएमडीवर सगळ्यात आधी भरवसा ठेवला, त्यांना २०२० च्या माघारीत काहीच मिळालं नाही. काही उत्पादकांच्या चाचणी-बायॉसवर त्यांचे बोर्ड झेन ३ चालवताना दिसत होते, म्हणजे अशक्य असं काही नव्हतं. अधिकृत होकार मात्र मार्च २०२२ मध्ये आला. मधल्या काळात काय घडलं? नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलची बारावी पिढी आली आणि अनेक वर्षांनी इंटेल पुन्हा जोरात होती. एएमडीचं पुढचं सॉकेट अजून तयार नव्हतं. मग एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी, ५७००एक्स, ५६००, ५५०० अशी रांग आली आणि पाच वर्षं जुन्या बोर्डवाल्यांनाही आमंत्रण मिळालं. ९६ एमबी एल३ कॅशवाला (म्हणजे प्रोसेसरच्या आतच एवढी जलद मेमरी असलेला) ५८००एक्स३डी २०१७ च्या बोर्डवर बसू शकतो, हे हार्डवेअरच्या इतिहासात कौतुकाने सांगण्यासारखं आहे. पण ते कौतुक इंटेललाही थोडं वाटून द्यायला हवं.

माझ्या म्हणण्याला अडचणीचं ठरेल असं एक उदाहरण शोधत होतो, पण जे सापडलं ते उलट आधारच देणारं. एएमडीचीच थ्रेडरिपर ही बडी मालिका घ्या. २०१७ च्या एक्स३९९ बोर्डांना दोन पिढ्या मिळाल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिसरी पिढी आली ती टीआरएक्स४० च्या नव्या बोर्डांवर. पिना तितक्याच, ४०९४, तरी जुना बोर्ड चालेना. त्या महागड्या टीआरएक्स४० ला पुढे एकच पिढी लाभली. त्यानंतरचे थ्रेडरिपर ५००० ‘प्रो’ म्हणून वेगळ्या चिपसेटवर गेले. तिथे आरडाओरडा झाला का? झाला. कंपनी फिरली का? नाही. मालक थोडे होते, भाच्यांच्या याद्या नव्हत्या, आणि त्या वर्गात इंटेल जवळपासही नव्हती. तीच कंपनी आणि तोच काळ. शब्द पाळला गेला तो फक्त जिथे न पाळणं महाग होतं तिथे.

रचनेची किंमत

एक बाजू या सगळ्या वादात दबून गेली, ती रचनाकारांची. सॉकेट पाच वर्षं चालवायचं तर पाच वर्षांपूर्वीच्या तडजोडीही तितकीच वर्षं चालवाव्या लागतात. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलर यांमधली थर्मल पेस्ट वाळली असेल आणि कूलर सरळ वर खेचला, तर प्रोसेसरही खटका न उघडताच उपटून येतो, आणि मग वाकलेल्या पिना सरळ करत बसायचं. आधी मशीन थोडं तापवा, मग कूलर हलकेच पिळून काढा, हा मंत्र एएम४ वाल्यांनी एकमेकांना किती वेळा दिला असेल त्याला गणती नाही. पीसीआय एक्स्प्रेस ४.० चंही तसंच. काही उत्पादकांनी २०१९ मध्ये ४०० मालिकेच्या बोर्डांवर ते चालू करून दाखवलं, एएमडीने पुढच्या अजेसात बंद केलं. इथे मी कंपनीच्या बाजूचा आहे. ज्या बोर्डाच्या तारा त्या वेगासाठी आखल्याच नव्हत्या, त्यावर कधी चालेल, कधी नाही, आणि जेव्हा नाही चालणार तेव्हा दोष ग्राफिक कार्डाला जाणार. सगळं जुनं टिकवा म्हणणाऱ्यांनी एएम४ वर डीडीआर५ ही नव्या पिढीची मेमरी कधीच येऊ शकली नाही, हेही लक्षात ठेवावं.

इंटेलची बाजूही अगदीच काळी नाही. दर दोन पिढ्यांनी बोर्ड बदलला की बायॉस सुटसुटीत राहतं, आणि तक्ता वाचावाच लागत नाही. ज्याला संगणक घ्यायचा, वापरायचा आणि विसरायचा आहे, त्याला याने काडीचा फरक पडत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आलं. पिना प्रोसेसरवरून सॉकेटमध्ये गेल्या, १७१८ संपर्कबिंदू, फक्त डीडीआर५. किती वर्षं चालणार, याचं उत्तर या वेळी ‘२०२५ आणि पुढे’ असं आलं, नंतर ते ‘२०२७ आणि पुढे’ झालं. ‘पुढे’ हा शब्द वकिलाने सुचवल्यासारखा वाटतो. पण ऐकणारेही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. सॉकेटचं वर्ष सांगितलं की ते लगेच चिपसेट विचारतात. आणि पूर्वी कुणी ढुंकूनही बघत नसे अशी ती बायॉस चिप आता काही एएम५ बोर्डांच्या जाहिरातीत वैशिष्ट्य म्हणून छापलेली असते : ६४ एमबी.